वारकऱ्यांची मोजणी : नांदूर मध्यमेश्वरचे तीन दिवस

शुक्रवार

पुणे सोडलं तेव्हा गाडीत सगळ्यांच्या तोंडी एकच पक्षी होता, रोहित म्हणजे फ्लेमिंगो. चौदा जणांपैकी निम्म्याहून अधिक मंडळी पहिल्यांदाच पक्षी बघायला निघाली होती आणि रोहित दिसतील ना, हा प्रश्न चाकण यायच्या आत चार वेळा विचारून झाला. माझ्या शेजारी माझी अकरा वर्षांची भाची. मांडीवर नवी कोरी वही, आणि पहिल्या पानावर गुलाबी खडूने काढलेला रोहित. पाहण्याआधीच काढून ठेवलेला.

नुसतं बघायला मात्र आम्ही निघालो नव्हतो. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्याकडे ती १९८७पासून चालू आहे. त्या कामात थोडा हात लावावा म्हणून आमच्या गटाने या वर्षी नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य निवडलं होतं. चापडगावच्या बाजूचा पाण्याचा एक तुकडा आमच्या वाट्याला आला होता. त्यातला प्रत्येक पाणपक्षी मोजायचा, नाव लिहायचं, आकडा लिहायचा.

आमच्या गटप्रमुख म्हणजे जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. वय एकाहत्तर. सगळे त्यांना बाईच म्हणतात. आळेफाट्याला चहा झाल्यावर त्यांनी गाडीतच वर्ग घेतला. रामसर हे इराणमधलं एक गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ला पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला. नांदूर मध्यमेश्वरला २०१९ साली त्या यादीत जागा मिळाली. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, लोणार त्यानंतरचं. "आणि यादीत घेताना ते काय विचारतात माहितीये? तुमच्या पाण्यावर नेहमी वीस हजारांच्या वर पाणपक्षी असतात का? किंवा एखाद्या जातीच्या एखाद्या समूहातल्या शंभरात एक तरी तुमच्याकडे येतो का? आणखीही निकष आहेत, पण हे दोन बघा. मोजल्याशिवाय याचं उत्तर कोण देणार?" बाईंनी प्रत्येकाच्या हातात छापील तक्ता दिला. भाचीने तो वहीत चिकटवला, रोहितच्या समोरच्या पानावर.

संगमनेरपर्यंत दुतर्फा कोरडं माळरान. सिन्नर मागे टाकून निफाडच्या दिशेला वळलं की मुलूख बदलतो. ऊस, कांदा, गहू आणि मग द्राक्षंच द्राक्षं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग, आभाळातून फारसं काही मिळत नाही. हे हिरवेपण गोदावरीच्या खोऱ्यातल्या धरणांचं आणि कालव्यांचं. पक्षीही त्याच पाण्यावर येतात.

मुक्काम ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबात होता. पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि गाडीतून उतरताच थंडी अंगावर आली. निफाडची थंडी ऐकून माहीत होती. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात दर आठवड्याला वर्तमानपत्रात येतो. पण ऐकणं वेगळं आणि पायमोज्यांच्या दोन जोड्या घालूनही बोटं न जाणवणं वेगळं. काकूंनी चुलीपुढेच पंगत मांडली. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्यातलं वांगं, ठेचा, वर कच्चा कांदा. भाचीने तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी ती एक पोळी संपवत नाही.

जेवणानंतर काकांनी बाग दाखवली. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक घडाला कागद गुंडाळलेला. थंडी वाढली की हिरवे मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीचा माल बाद होतो, म्हणून एकेका घडाला हाताने कागद लावायचा. पारा फारच उतरला तर मण्यांना तडे जातात. मग पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकचं पाणी सोडायचं. "तुम्ही पक्षी मोजायला उठाल ना, त्याच्या आधी आम्ही उठलेलो असू," काका म्हणाले.

मग बोलणं धरणावर गेलं. काकांचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण पाखरं बघायला येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कानावर ते क्वचित पडतं. "ताई, पाखरं आम्हालाही गोड लागतात. पण बंधाऱ्यात गाळ साठलाय. पूर आला की पाणी मागं सरकतं, चांदोरी-सायखेड्यात घराघरांत शिरतं. २०१९ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आम्ही म्हणतो, गाळ काढा. तुमची माणसं म्हणतात, गाळावरच पाखरं बसतात." बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन्ही खरं आहे." त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मलाही काही सुचलं नाही. रात्री गोधडीत शिरल्यावर बराच वेळ तेच मनात होतं.

शनिवार

पाचला उठलो. अंगणातून पाहिलं तर बागांमध्ये ठिकठिकाणी शेकोट्या लाल दिसत होत्या. उसाच्या कडेने एकट्याने जायचं नाही, बिबट्या असतो, अशी काकूंची ताकीद होती. म्हणून सगळे एकदम गाडीत बसलो.

चापडगावच्या मनोऱ्यापाशी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते, पण समोर काही नव्हतं. धुकं इतकं दाट की मनोऱ्याचा जिना वरपर्यंत दिसेना. आमचा वाटाड्या गावातलाच तरुण, सगळे त्याला दादा म्हणतात. त्याने बोट ओठांवर ठेवलं. आम्ही वर जाऊन कठड्याला टेकून उभे राहिलो आणि पाऊण तास काहीही न बघता नुसतं ऐकलं.

त्या दोन दिवसांतला तो पाऊण तास मला सगळ्यात जास्त आठवतो. आधी जांभळ्या पाणकोंबड्यांची कुरबूर, म्हाताऱ्या बायका ओसरीवर बसून कुणाची तरी उणीदुणी काढताहेत तशी. मग चक्रवाकांची साद, आँग आँग, एक इकडून, एक तिकडून. तलवार बदकांची हलकी शीळ. टिबुकलीचं खळखळून हसणं. टिटवी तर गप्प बसतच नव्हती. आणि या सगळ्याच्या तळाशी एक बारीक 'टुक्, टुक्' आवाज सारखा चालू होता, टाळ अगदी हळू वाजवावा तसा. "हे कोण?" भाचीने कुजबुजत विचारलं. दादा म्हणाला, "वारकरी. धुकं निघू दे, मग बघ किती आहेत ते."

साडेसातच्या सुमाराला धुकं आधी वरून फाटलं, मग खालून उचललं गेलं. आणि पहिल्या झटक्यातच, पलीकडच्या काठाला, रोहित! मनोऱ्यावर दबकी आरोळी उठली. दुर्बिणीतून पाहिलं तर फिकट, जवळजवळ पांढरेच, माना वाकवून चोच उलटी करून उथळ पाणी गाळत होते. एकाने पंख उघडला तेव्हा आतला लाल रंग चमकला. सगळ्यांनी फोटो काढले, घरी पाठवले. बाईंनी विचारलं, "किती?" भाचीने मोजले, सतरा. पुन्हा मोजले, सतरा. तक्त्यावर आकडा पडला. ज्यासाठी सगळे आले होते ते काम सकाळी पावणेआठला संपलं.

मग मोजायचं राहिलं ते बाकीचं पाणी.

ते पाणी कसं आहे ते सांगायला हवं. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात. संगमाखाली इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा घातला. साठवण करणारं हे मोठं धरण नाही. वरच्या गंगापूर, दारणा अशा धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडवायचं, थोडं उंच करायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव-राहात्याच्या बाजूला वळवायचं, एवढंच त्याचं काम. पण अडलेल्या पाण्याने शंभर वर्षं गाळ खाली ठेवला. गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळे माजले, मधे गुडघाभर पाणी राहिलं. बदकांना आणि पाणटिवळ्यांना लागतं ते नेमकं असं उथळ पाणी. १९८६ साली हे अभयारण्य झालं, सुमारे शंभर चौरस किलोमीटरचं. माणसाने शेतीसाठी बंधारा बांधला आणि नदीने त्यात पाखरांचं घर मांडलं. कालचं काकांचं बोलणं ऐकल्यावर समोरचं प्रत्येक बेट मला दोन नजरांनी दिसत होतं.

तासाभरात तक्ता भरू लागला. थापटे आपली फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोलगोल फिरत होते. तलवार बदकं, तरंग बदकं, डोळ्यावर पांढरी भुवई असलेली भुवई बदकं. आपले इथलेच हळदीकुंकू, चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका मिरवणारे. चित्रबलाक, चमचे, मोर शराटी. कडेच्या चिखलात शेकाट्यांच्या लाल काटक्या आणि त्यांच्या पायांत लुटुलुटु धावणाऱ्या तुतारी. एका वठलेल्या बाभळीवर कैकर बसला होता, पंजात अर्धा मासा. अर्धा तास तो हलला नाही.

वारकरी मात्र मोजून संपेनात.

हा पक्षी साधा. कोंबडीच्या पिल्लापेक्षा थोडा मोठा, अंगभर काळाकुट्ट, आणि चोचीपासून कपाळावर चढलेला पांढराशुभ्र टिळा. त्या टिळ्यावरून आणि घोळक्याने राहण्यावरून हे नाव पडलं असावं. मला तरी दुसरं कारण सुचत नाही. बदकांसारखा पोहतो, पण बदक नाही. पाणकोंबडीचा भाऊबंद आहे. बोटांना पडद्याऐवजी पानासारख्या झालरी असतात. उडायचं झालं की पाण्यावरून पाय आपटत बरंच अंतर पळतो, मग कुठे वर उचलला जातो. फोटो काढणारे त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मीही आजवर बघितलं नव्हतं. माझ्या जुन्या वह्यांत त्याच्यापुढे 'बरेच' एवढंच लिहिलेलं आहे.

बाईंनी 'बरेच' खोडायला शिकवलं. आधी दहा नीट मोजायचे. ते दहा दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते डोळ्यात ठसवायचं. मग तेवढी जागा एक दहा, असं डावीकडून उजवीकडे सरकत जायचं, मागे वळायचं नाही. तिघांनी वेगवेगळं मोजायचं आणि शेवटपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. तिन्हींतला मधला आकडा धरायचा. काही पक्षी गवताआड राहिले अशी खात्री असेल तर पुढे अधिकचं चिन्ह करायचं. "म्हणजे एवढे तर आहेतच, कमी नाहीत," बाई म्हणाल्या. भाचीला ते अधिकचं चिन्ह फार आवडलं.

ती, मी आणि आमच्यातले डॉक्टरकाका, असे तिघे वारकऱ्यांवर बसलो. मी दोनशे ऐंशीपर्यंत पोचले होते, एवढ्यात पाणकणसांवरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला. मादी होती, तपकिरी अंग, डोकं साईसारखं फिकट. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून अगदी खालून तरंगत येते. बदकं फाडकन उडाली. वारकरी उडाले नाहीत. विखुरलेले सगळे एकमेकांकडे पोहत सुटले आणि बघता बघता त्यांची एकच काळी घोंगडी झाली. मादी त्यांच्यावर आली की सगळे मिळून पाणी उडवायचे. खाली पांढरा फवारा, वर ती घुटमळते, बाजूला होते, पुन्हा येते. तिला हवा होता एकटा पडलेला, आणि एकटा कोणी राहिलाच नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर ती कंटाळून बेटामागे गेली. घोंगडी हळूहळू उसवली आणि पुन्हा टुक्, टुक् सुरू झालं.

डॉक्टरकाका म्हणाले, "माझा आकडा गेला." माझाही गेला होता. भाची म्हणाली, "परत पहिल्यापासून." आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला तिघांचे आकडे आले चारशे बारा, चारशे अडतीस आणि चारशे एकवीस. चारशे एकवीस आणि पुढे अधिक.

दहानंतर गर्दी वाढली. खालच्या पायवाटेवर एका छायाचित्रकाराने मोबाइलवर शंकरच्या नराचा आवाज लावला होता. शंकर म्हणजे गळ्यावर निळा-तांबडा पट्टा असलेला चिमणीएवढा पाहुणा, ओलसर झुडपांत लपून राहणारा. आवाज ऐकून तो बिचारा दर वेळी बाहेर येई, कोण शिरलं आपल्या जागेत म्हणून शेपटी उभारून शोधे. दादा खाली गेला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तो इतक्या लांबून आलाय. त्याला खायचं सोडून भांडायला नका लावू." त्या गृहस्थांनी मोबाइल बंद केला. तिथे मला दादाचा फार अभिमान वाटला. चापडगावच्या या मुलांना पक्ष्यांची मराठी नावं येतात, इंग्रजी येतात आणि कुणाला कुठे थांबवायचं हेही येतं.

दुपारी नांदूर मध्यमेश्वरला जाऊन मध्यमेश्वराचं दर्शन घेतलं, बंधारा पाहिला. उन्हात जुना दगड तापला होता आणि त्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते.

संध्याकाळी पाण्याकडे गेलो नाही. दादाने आम्हाला हरभऱ्याच्या शेतांकडे नेलं. बांधावर बसून वाट पाहिली. सूर्य कलला आणि लांबून, फार उंचावरून, कर्ण्यासारखा आवाज आला. क्रौंच. माना आणि पाय दोन्ही ताणून, तिरप्या ओळीत, एकामागे एक. तेवीस. दोन मोठ्यांच्या मध्ये एक पिल्लू उडत होतं, डोकं अजून तपकिरी. उत्तरेतल्या कुठल्या तरी दलदलीत गेल्या उन्हाळ्यात अंड्यातून निघालेलं ते पोर आईबापांच्या मागोमाग गोदावरीपर्यंत आलं होतं. कुणी काही बोललं नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला.

रविवार

आज धुकं कमी होतं, पण समोरचं पाणी ओळखू येईना. काल जिथे चिखल होता तिथे आज पाणी होतं. रात्री वरून आवर्तन आलं होतं, दादाने सांगितलं. कालव्यांना पाणी सोडायचं म्हणून बंधाऱ्यात पातळी चढवलेली. शेकाटे, तुतारी, पाणटिवळे, चिखलावरचं सगळं गोकुळ उठून गेलं होतं. रोहितही नव्हते. हात-दीड हात पाणी चढलं तर त्यांच्या चोची तळाला पोचत नाहीत. पाटबंधाऱ्याच्या एका पाळीवर इतक्या जीवांचा दिवस ठरतो, हे मी वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते आज.

मनोऱ्यावर थोडी निराशा पसरली. काहींनी आवराआवर करायला घेतली. दादा म्हणाला, "गेले म्हणजे कुठं जाणार? वरच्या अंगाला बघू." आम्ही काठाकाठाने चालत निघालो. बेशरमीच्या झुडपांतून, जलपर्णीने भरलेला एक फाटा ओलांडून, उसाच्या कडेने. जलपर्णीवर कमळपक्षी लांब बोटं पसरून फिरत होते. दिसायला सुंदर होतं, पण त्या हिरव्या गालिच्याखाली पाण्याला ऊन मिळत नाही, आणि या जागेला असलेल्या धोक्यांत जलपर्णीचं नाव वरचं आहे. अर्ध्या तासाने एका शेताच्या टोकाला, चढलेलं पाणी जिथे नुकतं पोचत होतं तिथे, सगळे सापडले. ओल्या ढेकळांतून किडे बाहेर पडत होते आणि पाणटिवळे लांब चोची खुपसून ते टिपत होते. शेतमालक बांधावर बसून मशेरी लावत होता. म्हणाला, "वर्षाला येतात. बसू दे."

कालचे वारकरी तिथे नव्हते, ते खोल पाण्यावरच राहिले होते. परत मनोऱ्यावर येऊन भाचीने आग्रहाने त्यांना पुन्हा मोजलं. चारशे चौतीस अधिक. कालच्या आकड्याच्या इतक्या जवळ आल्यावर तिचा चेहरा असा फुलला की सतरा रोहितांनीही फुलला नव्हता.

अकराला तक्ते गोळा झाले. एकूण बावन्न जातींचे पाणपक्षी. बाईंनी प्रत्येक तक्ता तपासला आणि जिथे जिथे 'अंदाजे' लिहिलं होतं तिथे त्या माणसाला बोलावून विचारलं, कसा अंदाज केला? दोन जणांना पुन्हा दुर्बिणीपाशी धाडलं.

काकूंनी निघताना प्रत्येकाच्या हातात द्राक्षांची पिशवी दिली. पैसे घेतले नाहीत. काका बागेत होते, तिथूनच हात केला. गाळाचं बोलणं अर्धंच राहिलं होतं. पुढच्या वर्षी येते म्हणून मी सांगितलं आहे आणि मला खरंच यायचं आहे, ते बोलणं पुढे न्यायलाही.

गाडी निघाली आणि तासाभरात मागची बाक झोपली. सिन्नरच्या अलीकडे ऊन कललं असताना उसाच्या फडांवरून गायबगळ्यांचा थवा रातथाऱ्याकडे निघालेला दिसला. भाची खिडकीला नाक लावून, एक बोट वर धरून मोजू लागली. दहा, वीस, तीस. सत्तरपर्यंत आली तेव्हा रस्ता वळला आणि उरलेले बगळे निंबांच्या रांगेआड गेले. तिने वही उघडली, तारीख घातली, गायबगळे सत्तर लिहिलं आणि पुढे अधिकचं चिन्ह केलं.